स्टॉपवॉच, हाडांचं वय आणि सोळा वर्षांचा खेळाडू

अमेरिकेत दरवर्षी दहा लाखांच्या आसपास मुलं हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळतात. आपण पायाने खेळतो तो फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू, खांद्यांवर पॅड आणि डोक्यावर हेल्मेट असलेला त्यांचा फुटबॉल. यातली साधारण सात टक्के मुलं कॉलेजच्या संघांपर्यंत पोचतात, आणि तिथून व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, निवड होणारे शंभरात दोनही नसतात. तरी कॉलेजची स्कॉलरशिप मिळाली तर पदवीपर्यंतचा खर्च सुटतो. टेक्सस, ओहायो, जॉर्जिया, फ्लोरिडा या राज्यांतल्या कित्येक घरांना तेवढ्यासाठीच हा खेळ महत्त्वाचा वाटतो. म्हणून वसंतात आणि उन्हाळ्यात भरणाऱ्या प्रादेशिक कॅम्पांना मुलांची रीघ लागते. उंची, वजन, हातांचा पल्ला मोजतात, पळवतात, उड्या मारायला लावतात, दोघादोघांना समोरासमोर झुंजवतात. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाच्या नावापुढे पाच-सहा आकडे लागलेले असतात.

हे आकडे खोटे नसतात. पण ते आजच्या शरीराबद्दल बोलतात, आणि कॉलेजच्या कोचला जाणून घ्यायचं असतं ते आणखी चार वर्षांनी हा मुलगा कसा असेल ते. या दोन प्रश्नांमधली दरी विज्ञानाने बऱ्यापैकी मोजलेली आहे. कॅम्पमध्ये मात्र ती क्वचितच कुणी लक्षात घेतं, आणि त्याची किंमत मुलं मोजतात.

सगळ्यात गाजणारा आकडा म्हणजे ‘फोर्टी’. ४० यार्ड, म्हणजे ३६.५८ मीटर, एका दमात पळायचं. हे अंतर रूढ करण्याचं श्रेय क्लीव्हलँड ब्राउन्स या संघाचे कोच पॉल ब्राउन यांना दिलं जातं. उंच मारलेला चेंडू साडेचार सेकंदांच्या आसपास हवेत असतो, तेवढ्यात आपला खेळाडू चाळीस यार्ड गाठतो का, हे त्यांना बघायचं होतं असं सांगतात. आज मात्र या आकड्याला त्या चेंडूपेक्षा कितीतरी मोठं वजन आलं आहे. ४.६ सेकंद आणि ४.४ सेकंद यांत स्कॉलरशिपचा फरक पडू शकतो.

आणि हाच आकडा हातातल्या स्टॉपवॉचने घेतला की गडबड होते. मुलगा तीन बोटं जमिनीला टेकवून वाकलेला असतो, मागचा पाय ताणलेला. शेवटच्या रेषेवर उभा असलेला माणूस त्याच्या हाताकडे टक लावून असतो. हात उचलला की बटण दाबायचं. डोळ्याला दिसून अंगठा हलायला साधारण ०.२ सेकंद लागतात, म्हणजे घड्याळ उशिरा सुरू होतं. शेवटी मात्र असा उशीर होत नाही. मुलगा समोरून येताना दिसत असतो, तो रेषेवर कधी पोचणार याचा अंदाज आधीच बांधलेला असतो आणि अंगठा अगदी वेळेवर पडतो. सुरुवातीचा उशीर तेवढा शिल्लक राहतो आणि तो नेहमी मुलाच्या बाजूने जातो. अ‍ॅथलेटिक्समध्ये १०० मीटरच्या हाताने घेतलेल्या वेळेत तुलनेसाठी ०.२४ सेकंद मिळवायची पद्धत यामुळेच आहे. फोर्टीच्या शेवटी चांगला पळणारा मुलगा सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास वेगात असतो, त्यामुळे ०.२ सेकंद म्हणजे जवळपास दोन यार्ड. सामन्यात दोन यार्डांचं अंतर असलं की पास पकडणारा मोकळा सुटलेला असतो.

त्यात तीन जणांनी तीन घड्याळं धरली आणि त्यातली सगळ्यात कमी वेळ लिहून घेतली, दोनदा पळवून चांगला प्रयत्न तेवढा ठेवला, की चूक एकाच दिशेने साचत जाते. एनएफएलच्या अधिकृत चाचणीतही शेवट यंत्र टिपतं, पण सुरुवात माणूसच बटण दाबून करतो. झेवियर वर्दी याने २०२४ मध्ये तिथे ४.२१ सेकंदांचा विक्रम केला. तो खरोखरच थक्क करणारा आहे, पण तो उसेन बोल्टच्या १०० मीटरच्या वेळेशेजारी ठेवता येत नाही, कारण धावपटूचं घड्याळ पिस्तुलाच्या आवाजाबरोबर सुरू होतं आणि त्याची प्रतिक्रिया द्यायची वेळही त्यातच धरली जाते. कॅम्पमध्ये ‘याची फोर्टी ४.४’ असं कुणी सांगितलं तर घड्याळ कुणी आणि कसं लावलं, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

उभ्या उडीचंही असंच आहे. काही ठिकाणी खांबावरच्या पट्ट्या हाताने ढकलायला लावतात, काही ठिकाणी चटईखालचं यंत्र पाय किती वेळ हवेत होते ते मोजून उंची काढतं. उंची वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे वेळेतली छोटी चूक फुगून बाहेर येते. ३० इंच उडी मारणारा मुलगा ०.७९ सेकंद हवेत असतो. त्याने खाली येताना गुडघे मुडपून घेतले आणि पाय टेकायला ०.०५ सेकंद उशीर झाला, तर यंत्र जवळपास ३४ इंच दाखवतं. शरीर तेवढंच वर गेलेलं असतं. उंचीचा आकडा सुद्धा वाटतो तितका स्थिर नाही. दिवसभर उभं राहून मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि सकाळच्या मानाने संध्याकाळी माणूस सेंटीमीटरभर, कधी त्याहून थोडा जास्त, बुटका भरतो.

मोजमापातल्या या चुका सुधारता येतात. चांगली यंत्रं आणा, दोनच्या जागी चार प्रयत्न घ्या, सरासरी काढा. खरी अडचण मोजल्या जाणाऱ्या मुलात आहे, कारण तो अजून घडतो आहे.

मुलग्यांची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास. पण ही सरासरी. कुणाचा हा टप्पा बाराव्या वर्षी येतो, कुणाचा सोळाव्या. स्नायूंची ताकद आणि वजन त्यानंतर काही महिन्यांनी जोर धरतं. त्यामुळे एकाच वर्गातल्या, एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन पंधरा वर्षांच्या मुलांच्या शरीराच्या वयात तीन-चार वर्षांचंही अंतर असू शकतं. लवकर वयात आलेला मुलगा कॅम्पमध्ये जड असतो, जोरात ढकलतो, वेगाने पळतो आणि सगळ्यांच्या नजरेत भरतो. उशिरा वाढणारा मुलगा त्याच वेळी लांब हातापायांशी झगडत असतो. वाढीच्या ऐन झपाट्यात काही मुलांचा तोल आणि हालचालींतला मेळ तात्पुरता बिघडतो. अशा दिवसांत त्याला शटलच्या, म्हणजे इकडून तिकडे वळत पळायच्या चाचणीच्या, रेषेवर उभं केलं तर त्याच्या कार्डावर जे लिहिलं जाईल ते वर्षभरात खोटं ठरेल.

यावर उपाय आहे, आणि योगायोगाने तो फुटबॉलवेड्या ओहायोतूनच आला आहे. तिथल्या यलो स्प्रिंग्ज गावात १९२९ मध्ये फेल्स अभ्यास सुरू झाला. त्यात मुलांची जन्मापासून वर्षानुवर्षं मोजमापं घेतली गेली. त्या नोंदींवरून खामिस आणि रोश यांनी १९९४ मध्ये एक सोपी रीत मांडली: मुलाचं वय, आजची उंची, वजन आणि आईवडिलांची सरासरी उंची एवढ्यावरून तो मोठेपणी किती उंच होईल याचा अंदाज. एक्स-रेची गरज नाही. मग आजची उंची त्या अंदाजाच्या किती टक्के आहे हे काढलं की मुलगा वाढीच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते कळतं. समजा दोन मुलं आज १८३ सेंटीमीटर आहेत. पहिला आपल्या अंतिम उंचीच्या ९९ टक्क्यांवर पोचला आहे, तो १८५ वर थांबेल. दुसरा ९५ टक्क्यांवर आहे, तो १९२ च्या पुढे जाईल. आज दोघांची फोर्टी सारखी आली तर माझ्या मते दुसऱ्याची बातमी मोठी आहे. पण कॅम्पच्या कार्डावर दोघं एकाच रांगेत दिसतात.

या रीतीला एक मोठी मर्यादा आहे. फेल्सच्या नोंदी ओहायोतल्या गोऱ्या मुलांच्या होत्या, आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण फार मोठं आहे. त्यांच्यासाठी अंदाज किती नेमका बसतो हे वेगळं तपासूनच वापरायला हवं. हाडांचं वय काढण्याचा जास्त थेट मार्ग म्हणजे डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे. भारतात क्रिकेट बोर्ड सोळा वर्षांखालच्या खेळाडूंसाठी टीडब्ल्यू-३ ही याच जातीची चाचणी वापरतं, म्हणून आपल्याकडच्या क्रिकेट खेळणाऱ्या मुलांच्या पालकांना ती ठाऊक असते. आपल्याकडे तिचा हेतू वय चोरणाऱ्यांना पकडण्याचा आहे. तीच माहिती उशिरा उमलणाऱ्या मुलाला राखण्यासाठी वापरता येते. इंग्लंडच्या सॉकर अकादमींनी ते करून पाहिलं आहे. तिथे मुलांना कधीकधी वयाऐवजी वाढीच्या टप्प्यानुसार गटांत घालून खेळवतात, म्हणजे अंगाने थोराड मुलाला कौशल्य वापरावं लागतं आणि किरकोळ मुलाला ते दाखवायची संधी मिळते.

दुपारनंतर कॅम्पमध्ये समोरासमोरच्या झुंजी लागतात, आणि इथे अनुभवी डोळा स्टॉपवॉचपेक्षा जास्त बघतो. पास पकडणारा वाइड रिसीव्हर आणि त्याला अडवणारा कॉर्नरबॅक एकटे समोर येतात. ही लढत मुळातच एकतर्फी आहे. कुठे वळायचं हे रिसीव्हरला ठाऊक असतं, मोकळं मैदान त्याच्या बाजूने असतं आणि चेंडू फेकणाऱ्यावर कुणी धावून जात नसतं. म्हणून चेंडू कुणी पकडला यावर भर देणारा परीक्षक कॉर्नरबॅकवर अन्याय करतो. जाणता परीक्षक त्याच्या कमरेकडे बघतो. पाठीमागे पळता पळता रिसीव्हरने दिशा बदलली, तेव्हा याची कंबर एका झटक्यात फिरली का, की पाय आधी सरळ झाले, एक जादा पाऊल पडलं आणि मग तो वळला? ते एक जादा पाऊल कुठल्याच घड्याळात येत नाही. लाइनमनचं, म्हणजे पुढच्या फळीत रेटारेटी करणाऱ्या धिप्पाड खेळाडूचं, बघायचं तर गुडघ्यात आणि घोट्यात तो किती खाली बसू शकतो ते. खाली बसलेला मुलगा समोरच्याला खालून वर रेटतो, समोरच्याच्या पायांखालची पकड सुटते आणि वजनाने भारी असलेला मुलगाही मागे सरकतो.

शटलच्या चाचणीत पाच यार्ड एका बाजूला, दहा यार्ड उलट्या बाजूला, पुन्हा पाच यार्ड असं पळायचं असतं. वळायचं कुठे ते आधीच माहीत असतं. सामन्यात ते समोरच्याकडे बघून ठरवावं लागतं. क्रीडाविज्ञान आता या दोन गोष्टी वेगळ्या मानतं: ठरलेल्या जागी वळणं आणि दुसऱ्याची हालचाल वाचून वळणं. कुशल खेळाडूंना चित्रफीत दाखवून ती चेंडू सुटायच्या आधीच थांबवली, तरी बॅडमिंटनचा फटका किंवा क्रिकेटचा चेंडू कसा येणार हे ते नवख्यांपेक्षा कितीतरी अचूक सांगतात, असं ब्रूस अबरनेथी यांच्या प्रयोगांत दिसलं. ते समोरच्याचा खांदा, मनगट, हात वाचत असतात. हे वाचन हजारो चेंडूंतून येतं. कॅम्पमधली कुठलीही ठरीव चाचणी त्याला स्पर्श करत नाही. त्यासाठी सामन्यांच्या फिती बघत बसावं लागतं.

मग या चाचण्या भविष्याबद्दल काहीच सांगत नाहीत का? कुझमित्स आणि अ‍ॅडम्स यांनी २००८ मध्ये एनएफएलच्या चाचण्या आणि पुढची कामगिरी ताडून पाहिली. रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूच्या, धावण्याच्या वेळा सोडल्या तर दोन्हींत सातत्याने नातं सापडलं नाही. पण यावरून वेग बिनकामाचा ठरवणं घाईचं होईल. त्या चाचणीपर्यंत पोचलेले सगळेच विलक्षण वेगवान असतात. दहावीला ९५ टक्क्यांची कटऑफ असलेल्या कॉलेजात दहावीच्या गुणांवरून बारावीचा पहिला नंबर ओळखता येत नाही, कारण फरकच उरलेला नसतो. तसंच इथे होतं. प्रादेशिक कॅम्पमध्ये सगळ्या दर्जाची मुलं येतात, तिथे वेगाचा आकडा नक्कीच चाळणी लावतो. गफलत होते ती चाळणीतून उरलेल्यांना दशांशावरून क्रम लावताना. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये उंचीच्या अभ्यासात दाखवलेलं तत्त्व इथेही लागू पडतं. तीनशे मुलांत ज्याचा आकडा सगळ्यात वर आला, त्याच्या आकड्यात गुणाबरोबर त्या दिवसाचं नशीबही मिसळलेलं असतं, आणि पुढच्या वेळी तो सरासरीकडे थोडा सरकतो.

भरती करणाऱ्या संस्था मुलांना एक ते पाच तारे देतात. पाच तारे वर्षाला तीसेक मुलांना मिळतात, आणि त्यांच्यातून व्यावसायिक खेळाडू होण्याचं प्रमाण खरंच फार जास्त आहे. तारे देणाऱ्यांचा अंदाज सरासरीला बरोबर ठरतो, हे मान्य करायलाच हवं. पण तीन किंवा त्याहून कमी तारे असलेली मुलं हजारोंनी असतात. त्यांच्यातलं प्रमाण कमी असूनही संख्येने जास्त खेळाडू तिथूनच येतात. जे.जे. वॉट दोन ताऱ्यांचा होता. सेंट्रल मिशिगन विद्यापीठ सोडून विस्कॉन्सिन विद्यापीठात तो स्कॉलरशिपशिवाय गेला, आणि पुढे एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू तीनदा ठरला. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ या शेतीच्या गावातला शेतकऱ्याचा मुलगा जॉश अ‍ॅलन हायस्कूल संपलं तेव्हा उंच पण सडपातळ होता. वरच्या गटातल्या एकाही कॉलेजने त्याला बोलावलं नाही. तो रीडलीच्या कम्युनिटी कॉलेजात खेळला, तिथून वायोमिंग विद्यापीठात गेला, अंगाने भरत गेला, आणि २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलच्या संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत, सातवा निवडला गेला. तेव्हा तो सहा फूट पाच इंच आणि १०७ किलो होता. या दोघांना दुसरा दरवाजा सापडला. ज्यांना तो सापडला नाही आणि ज्यांनी सोळाव्या वर्षी पॅड कपाटात ठेवून दिले, त्यांची नावं कुठल्याच यादीत येत नाहीत.

जाणते कोच यावर आपापले उपाय करतात. ते मुलाचे शाळेच्या अ‍ॅथलेटिक्स स्पर्धांमधले निकाल काढतात, कारण मोठ्या स्पर्धांत वेळ यंत्राने घेतलेली असते. गोळाफेकीचं अंतर बघतात, आईवडिलांची उंची विचारतात, गेल्या वर्षीचं वजन विचारतात. यातलं काहीच महाग नाही. कॅम्प भरवणाऱ्यांनीही मुलाच्या हातात जे कार्ड द्यायचं त्यावर वेळ हाताने घेतली की यंत्राने, किती प्रयत्नांतली, कुठल्या तारखेची, आणि मुलगा आपल्या अंदाजित उंचीच्या किती टक्क्यांवर आहे, एवढं छापावं. सहा महिन्यांनी तोच मुलगा पुन्हा आला, तर जुनं कार्ड नव्या कार्डाला टाचून त्याच्या हातात द्यावं.