डोळ्यावरची पट्टी: जखम बदलली तसं तिचं काम बदललं

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शलाकेने, म्हणजे बारीक टोकदार सळईने, मोतीबिंदू बाजूला सारण्याची कृती आहे. नंतरची काळजीही तिथेच सांगितली आहे: डोळ्याला तूप लावून कापडी पट्टी गुंडाळायची, रुग्णाने उताणं पडून राहायचं, आणि ढेकर, खोकला, शिंक, थुंकणं टाळायचं. जखम सुईच्या टोकाएवढी असली, तरी सारलेला मोतीबिंदू हिसक्याने पुन्हा वर येण्याचा धोका होताच.

खरा पेच पुढे आला. फ्रान्सच्या जॅक दाव्हिएल यांनी १७४७ मध्ये मोतीबिंदू सारण्याऐवजी पारपटल (डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा) कापून बाहेर काढला. ही पद्धत १७५३ मध्ये प्रसिद्ध झाली. पारपटलाच्या खालच्या कडेने जवळजवळ अर्धवर्तुळाकार चीर, आणि टाका एकही नाही. म्हणजे टाक्याचं काम पट्टीनेच करायचं. रुग्ण खोकला की आतला दाब वाढून चीर उघडायची. बुबुळाचा पडदा किंवा काचद्रव (डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ) बाहेर यायचा. दोन्ही डोळे एकत्रच हलतात, म्हणून धड डोळाही बांधत. डोकं हलू नये यासाठी दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवत. दिवसेंदिवस अंधारात पडलेले वृद्ध रुग्ण गोंधळत, भ्रमिष्टासारखं वागत, पट्ट्या ओरबाडत. या अवस्थेला पुढे ‘ब्लॅक पॅच डिलिरियम’ असं नाव पडलं. डोळा वाचवणाऱ्या उपायाची ही फार मोठी किंमत होती.

बॉस्टनच्या हेन्री विलार्ड विल्यम्स यांनी १८६७ मध्ये टाक्याची पद्धत मांडली, पण केसाहून बारीक धागा आणि शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक रुळायला विसावं शतक बरंच सरावं लागलं. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची पद्धत आणली. मोतीबिंदूच्या जागी बसवायची, घडी करून आत सरकवता येणारी भिंगं आल्यावर तर चीर १०-१२ मिलिमीटरवरून तीनच्या आसपास आणि पुढे त्याहूनही खाली उतरली. ही चीर तिरकी असते आणि आतल्या दाबाने आपोआप मिटते.

तरीही पट्टी राहिली ती भुलेच्या इंजेक्शनमुळे. त्याचा असर असेपर्यंत पापणी नीट मिटत नाही, पारपटलाला स्पर्श कळत नाही आणि ते कोरडं पडतं. १९९०च्या दशकात नुसत्या थेंबांची भूल रूढ झाली आणि अनेक रुग्णांच्या बाबतीत हेही कारण उरलं नाही. राहिलं ते कवच: छिद्रं असलेलं, ॲल्युमिनियमचं किंवा प्लास्टिकचं. त्याची कड भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकली पाहिजे, डोळ्यावर नाही. झोपेत हात जाऊन डोळा चोळला जाऊ नये म्हणून ते साधारण आठवडाभर रात्री लावतात.

पॅड लावायचंच असेल तर पापणी पूर्ण मिटलेली हवी. पॅडखाली ती उघडली तर गॉझ पारपटलावर घासून ओरखडा पडतो. सुटा कापूस थेट ठेवू नये, तंतू आत जातात. डोळा खोल असेल तर खाली एक पॅड दुमडून आणि वर दुसरं सपाट ठेवावं. चिकटपट्ट्या कपाळाच्या मध्यापासून गालाकडे तिरक्या लावाव्यात. तोंडाजवळ आल्या तर बोलता-जेवताना सुटतात. पॅड ओलं झालं की लगेच बदलावं. ओल, ऊब आणि अडलेले अश्रू मिळाले की जंतू फोफावतात. कॉन्टॅक्ट लेन्समुळे ओरखडा पडला असेल तर डोळा बांधत नाहीत, तो याचसाठी. डोळ्याचा गोळा फाटल्याची शंका असेल तर पॅडचा दाबही नको, नुसतं कडक कवच लावून तातडीने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं.

पापणीवरच्या काही शस्त्रक्रियांनंतर दाबाची पट्टी आजही लागते. रक्त साचणं आणि सूज त्याने आटोक्यात राहतात. पण तिच्याखाली वेदना वाढत गेल्या किंवा नजर कमी झाली तर वाट न पाहता ती सोडून घ्यावी. तान्ह्या बाळांच्या बाबतीत तर दिवस मोजूनच डोळा बांधावा लागतो: त्या वयात एक डोळा काही दिवस झाकलेला राहिला तरी मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि तो डोळा मंद होऊ शकतो.