डिस्क १००% दिसतेय, पण दोष रॅमचा की डिस्कचा?

शेजारच्या काकूंचा लॅपटॉप माझ्याकडे आला तो रॅम बदलून झाल्यावर. दुकानातून "मशीन स्लो आहे, रॅम वाढवा" असं सांगितलं गेलं, ४ जीबीची ८ जीबी झाली, पैसे गेले आणि लॅपटॉप जसाच्या तसा. "अरे, क्लिक केलं की चहा करून यावं, तोवर फोल्डर उघडतं," काकू म्हणाल्या.

मी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे मशीनचा कोणता भाग किती कामात आहे ते दाखवणारी खिडकी, उघडला. डिस्क १००%, म्हणजे जागा भरलेली नव्हे, तर डिस्क सतत कामात. या एका आकड्यावरून फार लोक फसतात, कारण रॅम अपुरी असली तरी तोच दिसतो आणि डिस्क मरायला टेकली असली तरी तोच.

रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, डिस्क म्हणजे माळा. ओटा लहान पडला की विंडोज नको असलेले डबे माळ्यावर चढवते आणि लागले की पुन्हा उतरवते. माळ्यावरच्या या जागेला पेजफाइल म्हणतात. ही चढउतार ४ केबीच्या तुकड्यांत चालते. लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. रॅमच्या मानाने हा वेग जवळजवळ लाखपट कमी. म्हणून डिस्क दिवसभर राबते आणि १००% दिसते, पण ती बिचारी धडधाकट असते.

दुसऱ्या प्रकारात ओटा रिकामा असतो, पण शिडीच मोडलेली असते. एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा डेटा ठेवायचा छोटासा कप्पा, वाचता येत नाही, डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, कधी कधी कित्येक सेकंद. तोवर विंडोज ताटकळते. माउसचा बाण हलतो, पण क्लिकला उत्तर येत नाही.

फरक ओळखायला परफॉर्मन्स टॅबमध्ये डिस्कवर क्लिक करा आणि दोन आकडे एकत्र वाचा: रीड-राइट स्पीड आणि अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम, म्हणजे एका मागणीला उत्तर द्यायला डिस्कला लागणारा सरासरी वेळ. काकूंच्या लॅपटॉपवर मेमरी जेमतेम ४०% भरलेली, डिस्क १००%, स्पीड सेकंदाला ३०० केबीच्या आसपास आणि रिस्पॉन्स टाइम ४,००० मिलिसेकंदांवर. काम जवळपास शून्य आणि वेळ चार सेकंद! इथे रॅम १६ जीबी केली असती तरी काडीचा फरक पडला नसता.

रॅम कमी असेल तर चित्र वेगळं. मेमरी ९०% च्या पुढे, डिस्कवर वाचणं-लिहिणं भरपूर, रिस्पॉन्स टाइम बहुधा दहा-वीस ते शे-दोनशे मिलिसेकंदांत. क्रोमचे पंधरा टॅब बंद केले की दोन-तीन मिनिटांत मशीन मोकळं होतं. सकाळी बरं, दुपारी जड, हेही रॅमचंच लक्षण. बिघडलेली डिस्क मात्र काहीही उघडलेलं नसताना अडखळते. फक्त सुरू केल्या केल्या निवाडा करू नका, पहिली दहा मिनिटं चांगली हार्ड डिस्कही धापा टाकते.

(नुसती मेमरी ७०-८०% दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. रॅम वापरण्यासाठीच असते.)

खात्रीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर घ्या. ०५ क्रमांकाची ओळ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न येणारे, अजून निकाल न लागलेले. सी५ समोर 'रॉ व्हॅल्यूज'च्या रकान्यात शून्य नसेल आणि वर पिवळं 'कॉशन' असेल, तर बाकी सगळं सोडा आणि आधी फाइली वाचवा. डेस्कटॉप असेल आणि सी७ चा, म्हणजे डेटा केबलमधून जाताना झालेल्या चुकांचा, आकडा वाढत असेल, तर आधी डिस्क जोडणारी साटा केबल बदलून बघा, कधी कधी तेवढ्यावरच भागतं. बिघडलेली हार्ड डिस्क कधी कधी टकटक आवाज करते; एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली नवी डिस्क, मात्र आवाज न करताच जाते, त्यामुळे कानावर विसंबू नका.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. रॅमचं निदान चुकलं तर नुसते पैसे वाया जातात. डिस्कचं चुकलं तर फोटो जातात. संशय आला की 'चेकडिस्क' (डिस्कमधल्या चुका शोधणारं) किंवा डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइली एकत्र लावणारं) चालवू नका. ही दोन्ही कामं मरणाऱ्या डिस्कला आणखी पळवतात. विंडोज पुन्हा टाकायच्या भानगडीतही पडू नका. आधी एक्स्टर्नल डिस्क लावा आणि जे पुन्हा मिळणार नाही ते सर्वांत आधी कॉपी करा. सिनेमे, सेटअप फाइली शेवटी.

काकूंनी एकच फोल्डर दाखवलं: त्यांच्या आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो. तिथूनच सुरुवात केली. रात्रभर कॉपी चालली, मध्ये दोनदा अडकली, पाच फोटो आलेच नाहीत. बाकीचे आले. मग नवी एसएसडी बसवली, आणि ती ८ जीबी रॅम तेव्हा कुठे उपयोगाला आली.