पेन्सिलीला मनाई: पर्यटनपूर्व नेपल्समधील परदेशी प्रवासी

दक्षिण इटलीतील नेपल्सला बाहेरची माणसे फार पूर्वीपासून येत. पोझिलिपोच्या टेकडीपाशी रोमन कवी व्हर्जिलची म्हणून दाखवली जाणारी समाधी पाहण्याचा प्रघातही जुनाच. मात्र युरोपभरचे सुखवस्तू तरुण रोम पाहून झाल्यावर आणखी दक्षिणेला उतरू लागले, त्याला खरा जोर १७३४ मध्ये बूर्बाँ या राजघराण्याचे स्वतंत्र राज्य स्थापन झाल्यानंतर आला. १७३७ मध्ये भव्य ऑपेरागृह उघडले, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या प्राचीन शहरांपैकी हर्क्युलेनियमचे उत्खनन १७३८ मध्ये सुरू झाले आणि पॉम्पेईचे १७४८ मध्ये. वाटेतल्या पोंटाइन दलदलीतील हिवतापाच्या धास्तीने लोक उन्हाळा टाळून निघत आणि सोबत हुंड्या व शिफारसपत्रे बाळगत. व्हेसुव्हियसच्या उतारावर राखेत पाय रुतू लागले की वाटाडे कमरेच्या चामडी पट्ट्याला धरायला सांगून पाहुण्यांना अक्षरशः ओढत वर नेत.

या प्रवाशांच्या लेखनात एक तक्रार वारंवार येते. उत्खननात सापडलेल्या वस्तू नेपल्सजवळच्या पोर्तिचीच्या राजवाड्यातील संग्रहालयात ठेवल्या होत्या आणि तेथे परवानगीने प्रवेश मिळाला, तरी कागद-पेन्सिल बाहेर काढण्यास सक्त मनाई होती. रेखाटन करायचे नाही, टिपण घ्यायचे नाही, मोजमापेही घ्यायची नाहीत. पाहिलेले डोक्यात साठवायचे आणि मुक्कामी परतल्यावर आठवेल तसे उतरवायचे, एवढाच मार्ग उरे. साहजिकच युरोपभर फिरलेल्या वर्णनांत चुका शिरल्या, आणि त्या चुका हेच पुन्हा बंदीचे समर्थन ठरले.

दरबाराची बाजू अगदीच पोकळ नव्हती. वस्तू राजाच्या खर्चाने आणि राजाच्या जमिनीतून निघत होत्या, आणि त्यांची अधिकृत चित्रे दरबाराच्या देखरेखीखाली आधी प्रसिद्ध व्हावीत, अशी अपेक्षा होती. त्यासाठी १७५५ मध्ये विद्वानांचे एक मंडळ नेमले गेले आणि १७५७ पासून तांब्याच्या कोरीव पत्र्यांवरून छापलेल्या चित्रांचे देखणे खंड निघू लागले. पण हे खंड सुरुवातीला विकायला नव्हतेच. ते राजाच्या मर्जीने भेट म्हणून दिले जात. आठवा खंड निघाला तो १७९२ मध्ये. म्हणजे ज्या अभ्यासकाला दरबारी ओळख नव्हती, त्याला मूळ वस्तूचे चित्र काढता येत नव्हते आणि छापील चित्रही सहजी मिळत नव्हते. मत्सरापोटी राखलेल्या या मक्तेदारीला संरक्षण म्हणणे कठीण आहे.

नुकसान प्रवाशांच्या हिरमोडापुरते थांबले नाही. हर्क्युलेनियमचे नाट्यगृह जमिनीखाली २० मीटरच्या आसपास होते. बेड्या घातलेले कैदी तेथे भुयारे खणत आणि काम झाले की निघालेल्या मातीनेच ती बुजवत. पाहुणे मशालीच्या धुरात, अरुंद बोळांतून वाट काढत एखादी भिंत किंवा पायरी पाहत. भित्तिचित्रांचे निवडक तुकडे कापून पोर्तिचीला नेले जात आणि कमी प्रतीची वाटलेली काही चित्रे तेथेच फोडली जात. अशा वेळी बाहेरच्या चार जाणत्या हातांनी काढलेली कच्ची रेखाटनेही आज अमोल ठरली असती. रोममध्ये राहणाऱ्या एका जर्मन विद्वानाने १७६२ मध्ये जाहीर पत्र लिहून या उत्खननाच्या कारभारावर कडक टीका केली. त्याचे फ्रेंच भाषांतर नेपल्समध्ये पोहोचले तेव्हा दरबार संतापला. पण त्यानंतर हा विषय राजघराण्यापुरता राहिला नाही.

पोर्तिचीचा संग्रह एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नेपल्स शहरात हलवला गेला. पुढचे बदल झपाट्याने झाले. ३ ऑक्टोबर १८३९ रोजी इटलीतील पहिली रेल्वे धावली, ती नेपल्सहून याच पोर्तिचीपर्यंत. १८६० मध्ये बूर्बाँ राज्य संपले, १८६४ मध्ये इंग्लंडहून इटलीला पहिली आखीव सामूहिक सहल निघाली आणि १८८० मध्ये व्हेसुव्हियसवर दोराने ओढली जाणारी गाडी सुरू होऊन पट्ट्याला धरून चढण्याचे कारणही उरले नाही. पॉम्पेईला तिकीट लागले तेही १८६० नंतरच्या दशकात. तेव्हापासून शिफारसपत्राशिवाय, केवळ पैसे मोजून, कोणालाही आत जाता येऊ लागले.