खवट कोलेस्ट्रॉल आणि अँटीऑक्सिडंटची गोळी, मागची सगळी गोष्ट

अमळनेरला आमचे नाना दिवाळीनंतर कोलेस्ट्रॉलची गोळी बंद करून बसले, त्या जागी कुणीतरी आणून दिलेल्या अँटीऑक्सिडंट कॅप्सूल चालू. विचारलं तर म्हणे, "माले काही तरास नही." डबीवर छापलेलं, रक्तवाहिन्यांचं ऑक्सिडेशन रोखते. आता पंचाईत अशी की ऑक्सिडेशन, म्हणजे ऑक्सिजनशी होणारी रासायनिक क्रिया, हा शब्द हवेतला नाही, त्यामागे खरं संशोधन आहे, फक्त ते पुढे कुठे जाऊन पोचलं ते डबीवर लिहीत नाहीत.

एलडीएल म्हणजे धमन्यांत साचणारं वाईट कोलेस्ट्रॉल आणि एचडीएल म्हणजे चांगलं, एवढं सगळ्यांना माहितीये. १९१३ ला रशियात सशांना सूर्यफुलाच्या तेलातून कोलेस्ट्रॉल चारलं आणि त्यांच्या धमन्यांत चरबीचे थर सापडले, तिथून हे सुरू झालं. मधली साठेक वर्षं सोडतो.

खरं कोडं पडलं १९७० नंतर. पेशी एलडीएल आत घेतात ते दार तेव्हा सापडलं, पण ज्या मुलांत ते दार जन्मापासूनच नव्हतं त्यांनाही अगदी लहान वयात हार्ट अटॅक येत होते, मग धमनीच्या भिंतीतल्या पेशी कोलेस्ट्रॉलने फुगतात त्या कुठल्या वाटेने? प्रयोगात साधं एलडीएल दिलं तर मॅक्रोफेज, म्हणजे शरीरातला कचरा गिळणाऱ्या पेशी, ते फारसं घेईनात. १९७९ ला दिसलं की एलडीएलमध्ये रासायनिक बदल केला की त्याच पेशी ते दुसऱ्याच एका दाराने अधाशासारखं गिळतात. नेहमीचं दार पेशीला पुरेसं मिळालं की कमी होतं, या दुसऱ्या दाराला तशी सोयच नाही. आणि पुढच्या पाचेक वर्षांत कळलं की असा बदल ऑक्सिडेशनने होऊ शकतो.

यासाठी आपल्याकडे शब्द आधीपासून आहे, खवट. पावसाळ्यात डब्याचं झाकण सैल राहिलं की शेंगदाणा चावल्या चावल्या घशाशी जी कडवट चव चढते ना, ते चरबीचं ऑक्सिडेशनच. एलडीएलचा कण धमनीच्या अस्तराखाली अडकतो आणि तिथे खवट होतो, पेशी तो गिळून फेसासारख्या फुगतात, त्यांचा थर होतो, थर फुटला की गुठळी. शिवाय बिडी-तंबाखू, शुगर, बीपी यांनी जे ऑक्सिडंट वाढतात ते अस्तरातून निघणारं नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतात, म्हणजे नळी सैल ठेवणारी गोष्टच कमी पडते.

मग सगळ्यांना सुचलं ते साहजिकच होतं. खवटपणा रोखणारं व्हिटॅमिन ई शेंगदाण्याच्या तेलात असतं, खुद्द एलडीएलच्या कणातही असतं, तर तेच गोळीतून द्या. १९९६ ला इंग्लंडमधल्या २,००२ हृदयरोग्यांवरच्या प्रयोगात जीवघेणे नसलेले अटॅक बरेच कमी झाले आणि गोळ्यांचा बाजार उसळला. पण २००० साली ९,५४१ लोकांचा प्रयोग आला, रोज ४०० युनिट, साडेचार वर्षं, फरक शून्य. २००२ ला त्याहून मोठा, २०,५३६ लोक, पाच वर्षं, ई सोबत सी आणि बीटा कॅरोटीनही. रक्तात व्हिटॅमिन वाढलेलं मोजून दिसत होतं, अटॅक मात्र तेवढेच. त्याच प्रयोगात त्याच लोकांपैकी निम्म्यांना ४० मिलिग्रॅम स्टॅटिन, म्हणजे एलडीएल कमी करणारी गोळीही दिली होती, त्यांच्यात अटॅक, स्ट्रोक वगैरे साधारण पाव हिश्श्याने कमी. एकाच प्रयोगात दोन्ही गोळ्या समोरासमोर, याहून सरळ उत्तर मला तरी माहीत नाही.

वाद इथेच अडकला. एक बाजू म्हणते खवटपणाची कल्पनाच चुकली. दुसरी म्हणते कल्पना बरोबर, औषध चुकलं, कारण हे लोक आधीच आजारी होते आणि व्हिटॅमिन ई भिंतीतलं सगळं ऑक्सिडेशन अडवतच नाही, काही परिस्थितीत उलट वाढवतंही. मला दुसरी बाजू पटते, पण ती पटली म्हणून कॅप्सूल लागू होत नाही, आणि गोंधळ नेमका इथेच करून दिला जातो. भिंतीत खवट व्हायला आधी भिंतीत एलडीएल शिरावं लागतं, ते कमी करणारी गोळी नानांनी बंद केली होती.

आपल्या भागाशी याचा जुना संबंध आहे. १९४५ ला अमळनेरातच वनस्पती तूप करणारी कंपनी निघाली, पुढे तीच विप्रो नावाने कॉम्प्युटरच्या कामांसाठी जगभर गाजली. तेलात हायड्रोजन घातला की ते घट्ट होतं आणि लवकर खवटही होत नाही, म्हणून घरोघरी डबे गेले. १९९० ला कळलं की यातून होणारं ट्रान्स फॅट एलडीएल वाढवतं आणि एचडीएल पाडतं. म्हणजे डब्यातला खवटपणा टाळला आणि धमनीत खवट व्हायचा माल वाढवला. भारतात त्याची मर्यादा २ टक्क्यांवर यायला २०२२ उजाडलं.

२०१७ ला आणखी एक गोष्ट पुढे आली, कोलेस्ट्रॉलला हात न लावता फक्त सूज, म्हणजे शरीरातला दाह, कमी करणाऱ्या इंजेक्शनने आधी अटॅक येऊन गेलेल्यांमधले पुढचे झटके थोडे कमी झाले, पण जंतुसंसर्गाने मरणारे वाढले. खवट एलडीएल सूज वाढवतं, त्यामुळे आता शोध त्या अंगाने चाललाय. अँटीऑक्सिडंटची कॅप्सूल त्यात कुठेच नाही, नानांच्या फळीवर मात्र अजून दोन डब्या आहेत.