त्वचेच्या कर्करोगाचे ऑनलाइन प्रशिक्षण (गोवा)

प्राथमिक आरोग्य केंद्रांतील वैद्यकीय अधिकारी आणि गावोगावचे फॅमिली डॉक्टर यांना त्वचेचा कर्करोग वेळीच ओळखता यावा म्हणून इंटरनेटवरून दिले जाणारे शिक्षण. छायाचित्रांवरून निदानाचा सराव, डर्मोस्कोपचे (त्वचा मोठी करून पाहण्याच्या भिंगाचे) धडे आणि तज्ज्ञांसोबत रुग्णचर्चा हे त्याचे मुख्य भाग. रुग्णचर्चेच्या पद्धतीचा परिचित नमुना म्हणजे डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत सुरू केलेला ‘प्रोजेक्ट एको’. भारतात कर्करोग तपासणी शिकवण्यासाठीही तो वापरला जातो. मात्र राष्ट्रीय कार्यक्रमात सरसकट तपासणी होते ती तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचीच. त्वचेचा कर्करोग सापडायचा तर ताप-खोकल्यासाठी आलेल्या रुग्णाच्या अंगावर डॉक्टरची नजर पडायला हवी.

बरेचसे अभ्यासक्रम गोऱ्या कातडीवर बेतलेले आहेत : नाक, कान, पाठ, उन्हाने रापलेली जागा. परदेशी पर्यटक येतात त्या कांदोळीसारख्या किनारी भागात ते उपयोगी पडतात. डिचोली, सत्तरीसारख्या आतल्या तालुक्यांत मात्र आधी रुग्णाला चपला काढायला सांगावे लागते. सावळ्या त्वचेत मेलॅनोमा (त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग) क्वचितच होतो, पण झाला तर बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली, आणि कुरूप (भोवरी) किंवा साकळलेले रक्त समजून तो अंगावर काढला जातो. किनाऱ्यावरच्या दुकानांत ज्याचे चित्र टी-शर्टांवर दिसते त्या गायक बॉब मार्लीचा मेलॅनोमा पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीच होता. निदान १९७७ मध्ये झाले, १९८१ मध्ये तो गेला.

तळव्यावरचा डाग पारखण्याची एक खूण हे प्रशिक्षण चांगली शिकवते. डर्मोस्कोपखाली, म्हणजे साधारण दहापट मोठे करून पाहिले, की तळव्याच्या कातडीवर बारीक खाचा आणि त्यांमधले उंचवटे समांतर दिसतात. साध्या तिळाचा रंग बहुधा खाचांत असतो, मेलॅनोमाचा उंचवट्यांवर. नखातली काळी रेघ रुंदावत जाऊन काळेपणा भोवतालच्या कातडीवर उतरला, तर तेही संशयास्पदच.

स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा कर्करोग जुन्या जखमांतही उद्भवतो : भाजल्याचा व्रण, कुष्ठरोग्याच्या तळपायाची न भरणारी जखम, परकराची नाडी वर्षानुवर्षे घासून झालेला कमरेवरचा चट्टा. या शेवटच्याला डॉक्टरमंडळी ‘साडी कॅन्सर’ म्हणतात. परदेशी धड्यांत त्याची अपेक्षाच करू नये. इथल्या शिक्षकांनी तो मुद्दाम घालायला हवा. जखमेची कड जाड, वर आलेली असेल आणि हात लागताच रक्त येत असेल, तर मलमे बदलत बसण्यापेक्षा कडेचा तुकडा तपासणीला पाठवावा.

संशयित डाग चामखीळ म्हणून जाळणे ही सर्वांत महागात पडणारी चूक, कारण मग तपासायला काही उरतच नाही. मेलॅनोमाची शंका असल्यास, शक्य तेथे, सुमारे २ मिमी कडेसह डाग पूर्ण काढतात. पुढचे उपचार बरेचसे त्याच्या खोलीवर ठरतात. हे काम केंद्रात न करता रुग्णाला छायाचित्रासह बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवणे बरे.