सवलतीतली हुडी आणि थेट देणगी: जखमी सैनिकांपर्यंत नेमके काय पोहोचते?

ब्रिटनमधील ‘हेल्प फॉर हीरोज’ ही संस्था ब्रिन आणि एमा पॅरी या दाम्पत्याने २००७ साली सुरू केली. माजी सैनिक आणि व्यंगचित्रकार असलेल्या ब्रिन यांनी पत्नीसह बर्मिंगहॅमच्या सेली ओक रुग्णालयातील जखमी जवानांची भेट घेतली आणि त्यातून हे काम उभे राहिले. सरे परगण्यातील हेडली कोर्ट या लष्करी पुनर्वसन केंद्रात जलतरण तलाव बांधणे हे पहिले उद्दिष्ट होते. स्ट्रेचरवरून जखमी साथीदाराला वाहून नेणाऱ्या सैनिकांचे चित्र असलेले संस्थेचे बोधचिन्ह मनगटपट्ट्यांवर, टी-शर्टवर आणि हुडीवर झळकू लागले आणि तिथून एक गैरसमजही रूढ झाला: हुडी विकत घेणे म्हणजे देणगी देणे. त्यातच दुकानात सवलत जाहीर झाली, की स्वस्तात वस्तूही मिळते आणि पुण्यही पदरी पडते, असे खरेदीदाराला वाटते. प्रत्यक्षात हे दोन व्यवहार कायद्याने, कराने आणि हिशेबाने वेगळे आहेत आणि त्यांतील अंतर सवलतीच्या दिवसांत सर्वाधिक वाढते.

देणगी थेट धर्मादाय संस्थेच्या खात्यात जाते. वस्तू मात्र बहुधा संस्थेच्या मालकीची वेगळी व्यापारी कंपनी विकते आणि वर्षअखेरीस उरलेला नफा संस्थेला दान करते. ही रचना संशयास्पद नाही. मूळ कार्याशी संबंध नसलेला मोठा व्यापार संस्थेने स्वतः केला तर नफ्यावर कर लागू शकतो आणि तोट्याची जोखीमही तिच्याच माथी येते, म्हणून ब्रिटनमधील कितीतरी संस्था हाच मार्ग धरतात. मात्र ‘सर्व नफा संस्थेला’ या वाक्यातील ‘नफा’ हा शब्द ग्राहकाने नीट वाचावा. संस्थेला मिळते ते किमतीतून व्हॅट, कापड, शिलाई, छपाई, गोदाम आणि टपालखर्च वजा जाता उरलेले.

एक कल्पित हिशेब मांडू. हुडीची किंमत ३६ पौंड धरली, तर २० टक्के दराने त्यातील ६ पौंड व्हॅटचे. उरलेल्या ३० पौंडांपैकी १५ पौंड खर्च मानला, तर संस्थेच्या वाट्याला १५ पौंड येतात. आता त्याच हुडीवर २५ टक्के सवलत दिली, की किंमत २७ पौंड होते, व्हॅट साडेचार पौंड लागतो, खर्च मात्र तोच १५ पौंड राहतो आणि संस्थेकडे साडेसात पौंड उरतात. किंमत चतुर्थांशाने उतरली, पण मदत निम्म्यावर आली. खरेदीदाराचे जे ९ पौंड वाचले, त्यांतील साडेसात संस्थेच्या वाट्यातून गेले आणि दीड सरकारच्या तिजोरीतून. कापडवाल्याचा किंवा टपालवाल्याचा एक पेनीही कमी झाला नाही.

तेच २७ पौंड थेट देणगी म्हणून दिले असते, तर चित्र उलटे दिसते. ब्रिटनमध्ये पुरेसा आयकर भरणाऱ्या व्यक्तीने ‘गिफ्ट एड’ या करसवलत योजनेचे घोषणापत्र दिले, तर संस्था प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स सरकारकडून मागून घेऊ शकते; म्हणजे २७ पौंडांचे ३३ पौंड ७५ पेन्स होतात. दात्याला ४० टक्के दराने कर लागत असेल, तर आणखी ६ पौंड ७५ पेन्सची सूट तो स्वतःसाठी मागू शकतो. खरेदीच्या रकमेवर हा लाभ मिळत नाही, कारण तिथे पैशाच्या मोबदल्यात तेवढ्या मोलाची वस्तू हाती पडलेली असते.

याचा अर्थ सवलतीतला माल घेऊच नये, असा नाही. सरलेल्या हंगामाच्या, आकार न जुळल्याने पडून राहिलेल्या कपड्यांचा खर्च आधीच होऊन गेलेला असतो. ते गोदामात ठेवण्यापेक्षा कमी किमतीत विकले, तर काही रक्कम तरी मोकळी होते. शिवाय छातीवर मिरवलेले बोधचिन्ह चार लोकांच्या नजरेस पडते. तो लाभ ताळेबंदात दाखवता येत नाही, पण तो मी नाकारणार नाही. ज्याला हुडी खरोखरच हवी आहे, त्याने ती सवलतीत घ्यावी आणि वाचलेले ९ पौंड गिफ्ट एडसह स्वतंत्रपणे द्यावेत. संस्थेला साडेसात अधिक सव्वाअकरा, म्हणजे १८ पौंड ७५ पेन्स मिळतात. पूर्ण किमतीला हुडी घेतली असती तर १५ मिळाले असते. बहुतेकांना न सुचणारा, पण सर्वांत किफायतशीर मार्ग मला हाच वाटतो.

माजी सैनिकांसाठी काम करणाऱ्या रॉयल ब्रिटिश लीजन या संस्थेचे कागदी पॉपी (खसखशीचे लाल फूल) खरेदी आणि देणगी या दोहोंच्या मधोमध बसल्यासारखे दिसते, पण ते देणगीच्या बाजूचे आहे. त्याला ठरलेली किंमत नसते. डब्यात जे टाकाल ते दान. आपल्याकडे ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाला मिळणाऱ्या छोट्या ध्वजाचेही तसेच आहे.

खरी सावधगिरी बाळगायची ती तिऱ्हाईत विक्रेत्यांबाबत. एखादी व्यापारी कंपनी ‘या विक्रीतून जखमी सैनिकांना मदत’ असे सांगत असेल, तर किमतीतील किती भाग कोणत्या संस्थेला जाणार हे तिने सांगणे १९९२ च्या धर्मादाय कायद्यानुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये बंधनकारक आहे. ‘काही भाग’ एवढेच लिहिले असेल, तर ते पुरेसे नाही. आणि कोणी आपली जुनी हुडी लिलावाच्या संकेतस्थळावर निम्म्या किमतीत विकत असेल, तर विक्रेत्याने रक्कम संस्थेकडे वळवल्याखेरीज तुमच्या पैशातला काहीही भाग तिथे जात नाही, मग बोधचिन्ह कितीही अस्सल असो.

परत करण्याचा हक्क मात्र फक्त खरेदीदाराला आहे: ऑनलाइन घेतलेली सर्वसाधारण वस्तू हाती आल्यापासून १४ दिवसांत व्यवहार रद्द करता येतो, दिलेली देणगी अशी मागता येत नाही. उलट एखादी देणगी ठरावीक कामासाठीच वापरावी, अशी अट दाता घालू शकतो. हुडी घेणाऱ्याला ती सोय नाही.

लंडनला मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेल्या मराठी आईवडिलांसाठी एक व्यावहारिक बाब. गिफ्ट एडला नागरिकत्वाची अट नाही, पण ब्रिटनमध्ये पुरेसा कर भरलेला असावा लागतो. तसा कर न भरता घोषणापत्रावर सही केली, तर संस्थेने सरकारकडून घेतलेली रक्कम भरून देण्याची जबाबदारी दात्यावर येऊ शकते. म्हणून असा कर न भरणाऱ्यांनी देणगी द्यावी, पण अर्जातला गिफ्ट एडचा चौकोन रिकामा सोडावा. परदेशी संस्थेला दिलेल्या या रकमेवर भारतात आयकरात वजावटही मिळत नाही.