आंब्याखाली बसलेलं पिंगळ्याचं पिल्लू

एप्रिलच्या शेवटी आमच्या गुहागरच्या घरी आंब्याखाली पिंगळ्याचं, म्हणजे छोट्या घुबडाचं, पिल्लू बसलेलं दिसलं. शेपूट अगदी तोकडी, डोक्यावर अजून लव. आजी म्हणाली, "ढोलीतून पडलं रे बिचारं, टोपलीत घाल, नाहीतर कावळे सोडायचे नाहीत." पण बरेचदा असं पिल्लू पडलेलं नसतं, स्वतःहून बाहेर आलेलं असतं. साधारण महिन्याभराचं झालं की ते ढोली सोडतं, तेव्हा धड उडताही येत नाही आणि शिकार तर नाहीच नाही, म्हणून पुढचे काही आठवडे आईबापच किडे, पाली, उंदीर आणून भरवतात.

पडवीतून बघत बसलो. मान वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, सारखं चालू. घुबडाचे डोळे खोबणीत घट्ट बसलेले, आपल्यासारखे फिरत नाहीत, त्यामुळे मान हलवून ते अंतराचा अंदाज घेतं. मग एकदम समोरच्या वाळक्या पानावर झडप! पान पंजात दाबून चोचीने टोचलं, सोडलं, परत धरलं. झडप घालायची ऊर्मी उपजत असते, नेम मात्र शिकावा लागतो.

हे किती खरंय ते गव्हाणी घुबडावरच्या प्रयोगात दिसलं. त्याचा एक कान थोडा वर, दुसरा थोडा खाली असतो, त्यामुळे मिट्ट काळोखातही नुसत्या खुडबुडीवरून ते उंदीर पकडतं. एरिक नुडसेन या शास्त्रज्ञांनी 1980च्या दशकात पिल्लांच्या एका कानात बोळा घातला, तर आधी आवाजाची दिशा चुकायला लागली, पण काही आठवड्यांत पिल्लांनी चूक सुधारली, आणि बोळा काढल्यावर उलट्या बाजूला चुकायला लागली! मोठ्या घुबडांना मात्र असं जुळवून घेणं जमलं नाही. म्हणजे डोळ्यांनी बघून कान जुळवायचं खरं वय हेच, आणि नेमक्या याच वयात आपण त्याला उचलून टोपलीत ठेवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

कुत्रा-मांजर असेल तर जवळच्या फांदीवर ठेवा, माणसाचा हात लागला म्हणून आईबाप टाकत नाहीत. जखमी असेल तर वनविभागाला 1926 वर फोन करा. घरी पाळणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

आम्ही फक्त मांजराला आत कोंडलं. तिन्हीसांजेला पिल्लू नख्या रोवत, पंख फडफडवत आंब्याच्या खोडावर चढलं, दोनदा घसरलं, आणि बेचक्यात पोचल्यावर चिरचिरायला लागलं. थोड्या वेळाने आई आली, चोचीत नाकतोडा.